कानामागची विभूती

"अप्पा, या लोकांना आणखी काय आणून द्यायचं?"

रेवणसिद्ध मठाच्या ओट्यावर चढला तो हा प्रश्न घेऊनच. ‘शरणु शरणार्थी’ असा नमस्कार करायचंही राहून गेलं. एक चप्पल पायरीवर पडली, दुसरी अंगणात.

निजगुण अप्पा सुपात चिंच घेऊन बसले होते. चिंचपळशीच्या मठाचे ते स्वामी, वय ऐंशीच्या घरात. पण दासोहाच्या, म्हणजे मठातल्या गावजेवणाच्या, आमटीची चिंच दुसऱ्या कुणी फोडलेली त्यांना चालत नसे. लोक चिंचोके मध्येच सोडतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी मान वर केली नाही.

"बोल," ते म्हणाले.

रेवण तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. मठाच्या शिष्यांत सगळ्यांत शिकलेला तोच होता, आणि ही गोष्ट गावापेक्षा त्याला स्वतःला जास्त ठाऊक होती. तरी पोरगा मनाने वाईट नव्हता. गावासाठी त्याचा जीव तुटायचा, फक्त तो तुटताना आवाज फार व्हायचा.

महिन्याभरापासून चिंचपळशीच्या जमिनीखालून आवाज येत होते. लांब कुठेतरी सुरुंग लावावा तसे. मांडणीवरची भांडी किणकिणायची, गोठ्यातली जनावरं दावी ओढायची, आणि मग काही घडलंच नाही असं सगळं शांत व्हायचं. लोक चहा पिता पिता थांबायचे आणि पुन्हा प्यायला लागायचे.

त्र्याण्णवच्या भूकंपात हे गाव थोडक्यात वाचलं होतं. भिंतींना तडे गेले, पण माणूस दगावलं नाही. त्यामुळे नवी वसाहत मिळाली नाही आणि जुनी घरं तशीच उभी राहिली. दगडमातीच्या रुंद भिंती, आणि वर माळवद.

माळवद म्हणजे मातीचं छत. लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला, आणि त्यावर गावाबाहेरच्या पांढरीतून आणलेली पांढुरकी माती. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यावर नवी माती टाकायची. पहिली पाटी घरातल्या थोरल्या मुलाच्या हातची. जुनी माती मात्र कुणी काढायची नाही. आज्याने टाकलेल्या मातीवर बाप टाकणार, बापाच्या मातीवर मुलगा. गळणारं घर म्हणजे नाकर्त्याचं घर, अशी या गावाची पक्की समजूत. माती पिढ्यान् पिढ्या चढत गेली, खालच्या भिंती मात्र त्याच राहिल्या.

हे सगळं रेवणला पाठ होतं. त्र्याण्णवला माणसं कशाखाली मेली तेही पाठ होतं.

म्हणून तर त्याने मठाशेजारच्या खोलीत भूकंप माहिती केंद्र काढलं होतं. अप्पांनी ज्वारीची पोती हलवून खोली दिली. रेवणने कुठून कुठून पुस्तिका मिळवल्या. घर पक्कं कसं करावं, हादरे बसू लागले की कुठे बसावं, बाहेर कसं पडावं, सगळं त्यात होतं. भिंतीवर रुग्णवाहिकेचे, अग्निशमनाचे, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचे नंबर लिहिले. कोणत्या संकेतस्थळावर काय मिळतं ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. तयारीची एक पिशवी खुंटीला लावली, तीत बॅटरी, शिट्टी, बिस्किटं, मलमपट्टी. आणि दारासमोर, सगळ्यांना दिसेल असं, जाड माळवदाच्या घराचं चित्र, त्यावर लाल फुली.

उद्घाटनाला तहसीलदार आले. छान बोलले. गावाने टाळ्या वाजवल्या.

मग लोक यायला लागले. कुणी मोबाईल चार्ज करायला, कुणी पंख्याखाली डुलकी काढायला. पिशवीतली शिट्टी कुणीतरी आंब्यावरचे पोपट हाकायला नेली. बिस्किटांचं काय झालं ते विचारूच नये.

हे सगळं रेवणने आत्ता अप्पांना पुन्हा एकदा सांगितलं. अप्पांना ते माहीत होतं, त्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. पण आजचा राग वेगळा होता. आज आखिती होती. घरून मठाकडे येताना त्याला प्रत्येक छपरावर माणूस दिसला होता, आणि प्रत्येकाच्या हातात पाटी. केंद्राच्या बरोबर समोरच्या घरावरसुद्धा. त्या घराचा मालक चित्रासमोर उभा राहून, बरोबर आहे गुरुजी, असं म्हणून गेला होता.

"चित्रं दाखवली. सिनेमा दाखवला. वाचून दाखवलं. मान डोलावतात आणि घरी जाऊन माती टाकतात." रेवणचा आवाज चिरकला. "अडाणी आहेत, अप्पा. असेच मरतील एक दिवस."

अप्पांचा हात चिंचेवर थांबला.

...

"आज कुणीकडं निघालास?" त्यांनी विचारलं.

रेवण जिल्ह्याला निघाला होता. तिथे कार्यशाळा होती. एका छोट्या गावाने भूकंपाची तयारी कशी केली यावर त्याला बोलायचं होतं. दुपारची एसटी गाठायची होती. जाण्याआधी अप्पांच्या हातची विभूती लावून घ्यावी, हा त्याचा लहानपणापासूनचा नेम. परीक्षेला जाताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना, वडिलांना दवाखान्यात नेताना, प्रत्येक वेळी तो असाच आला होता.

तो गुडघ्यावर बसला आणि डोकं पुढे केलं.

अप्पांनी हात पुसले. विभूतीच्या वाटीत अंगठा बुडवला. अंगठा रेवणच्या कपाळापाशी आला आणि तिथेच राहिला.

"तू तर लावून आलास की."

"नाही अप्पा. अंघोळ करून सरळ इकडंच आलो."

"मग कानामागं पांढरं काय हाय?"

रेवणचा हात कानामागे गेला. बोटं पांढरी झाली. त्याने ती चोळून पाहिली. विभूती बोटांवर विरघळल्यासारखी होते, ही खरखरत होती.

...

"कपाळाला विभूती लावणारे लई पाहिले," अप्पा म्हणाले. "कानामागं लावणारा पैलाच."

 आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पहाटे आईने, गौराक्काने, त्याला उठवलं होतं. माती आदल्या दिवशीच आणून चाळून ठेवली होती. तिने पाटीला हळदकुंकू लावलं, पाटी त्याच्या डोक्यावर दिली, आणि त्याने शिडी चढून ती घराच्या माळवदावर टाकली. दरवर्षी टाकायचा तशीच. मग घाईघाईत अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, आणि गावाला शिव्या देत मठाकडे निघाला.

अप्पांनी अंगठ्यावरची विभूती परत वाटीत झटकली.

"त्येंला समजलं न्हाई म्हणून ते टाकतेत," ते म्हणाले. "तुला समजलंय. आन् तू टाकलास."

आवाज चढला नव्हता, पण रेवणने अप्पांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. सूप मांडीवरून घसरलं, चिंच ओट्यावर सांडली, आणि ती गोळा करायला अप्पा वाकले नाहीत.

रेवण सावरत बोलू लागला. आईचं मन मोडवेना. सणाचा दिवस, तिने उपास धरलेला. वडील जाऊन दोन वर्षं होताहेत, ते गेल्यापासून ती या एकाच गोष्टीला धरून बसते. आणि तसं पाहिलं तर...

"तसं पाहिलं तर काय?"

"एका पाटीनं काय होतंय, अप्पा?"

"गाव बी हेच म्हनतंय."

  रेवणची नजर वर गेली, मठाच्या छताकडे. काळ्या पडलेल्या तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांच्या फटींतून रोज थोडी थोडी झिरपणारी माती. ओट्यावर सकाळी झाडलेल्या जागीही तिची बारीक रेघ पडली होती.

माणूस चुकताना सापडला की दुसऱ्याची चूक त्याला लख्ख दिसते. रेवणला ती दिसली, आणि दुर्दैवाने ती खरीही होती.

"आणि तुमचं माळवद, अप्पा?"

आत दासोहाच्या चुलीपुढे बसलेली बाई भाकरी थापता थापता थांबली.

"गावात सगळ्यांत जाड माळवद मठाचं आहे," रेवण म्हणाला. आता त्याला थांबता येत नव्हतं. "आखितीला प्रत्येक घर इथं एक पाटी सेवा म्हणून आणून टाकतं. सोमवारी सगळं गाव याच मातीखाली जेवायला बसतं. पाटी आणणाऱ्याला तुम्ही स्वतःच्या हातानं हुग्गी, गव्हाची गोड खीर, वाढता. मग गाव कुणाचं ऐकणार? माझ्या भिंतीवरच्या चित्राचं, की तुमच्या वाढण्याचं?"

...

गुरूला असं कुणी बोलत नाही. बोललेलं खरं असलं तरी बोलत नाही, आणि खरं असलं तर मुळीच नाही.  आता आपल्याला मठाबाहेर काढतील असं रेवणला वाटलं. त्याने मनातल्या मनात एसटीची वेळसुद्धा आठवून पाहिली.

अप्पा वर पाहत होते. किती वेळ पाहत होते कुणास ठाऊक. त्र्याण्णवच्या सकाळी चिंचपळशीतून जी माणसं खोरी घेऊन पडलेल्या गावांकडे धावली होती, त्यांत अप्पाही होते. तिथे त्यांनी काय काय उपसून काढलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पुढचं वर्षभर सगळी चिंचपळशी अंगणात पत्र्याखाली झोपली. मग एकेक बाज आत गेली. मग आखिती आली, आणि मठात माती आली, आणि हुग्गी शिजली.

"खोरं कुटं हाय?" अप्पांनी विचारलं.

"कशाला?"

"शिडी आन."

रेवणने खोरं, पाटी आणि शिडी आणली. अप्पांनी धोतर खोचलं आणि चढायला सुरुवात केली. रेवण खाली शिडी धरून उभा होता, मी जातो म्हणून विनवत होता. अप्पांनी ऐकलं नाही. प्रत्येक पायरीवर ते थांबत होते. वर पोचल्यावर जरा वेळ नुसते बसून राहिले. मग खोऱ्याचा आवाज आला.

मातीची पहिली पाटी धाडकन अंगणात आली. पांढरा धुरळा उठला.

नेमका तेव्हाच गावातला सिद्रामप्पा बिराजदार मठाच्या दारात आला. डोक्यावर सेवेची पाटी, अंगावर धुतलेला सदरा, मागे त्याची बायको. वर अप्पांना खोरं चालवताना पाहून तो जागीच थिजला. आधी त्याला वाटलं, अप्पा माती सारखी करताहेत. मग दुसरी पाटी खाली आली.

बिराजदार तापट माणूस. त्याने विचारलं की हे काय चाललंय. त्या मातीत त्याच्या आज्याची माती आहे, बापाची आहे, बहिणीच्या लग्नाच्या नवसाची आहे. मठाची माती म्हणजे काय उकिरडा आहे का, की कुणीही यावं आणि उपसावं? हे या मास्तराने डोक्यात भरवलं असेल, त्याच्या खोलीला आजच कुलूप लावतो.

"त्येनं न्हाई," वरून अप्पा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "मीच घालत आलो ही तुमच्या डोक्यावर. इतकी वर्सं."

बिराजदारला हे कळलं नाही. आणि त्याच्या डोक्यावरची पाटी जड होत चालली होती. वर न्यावी तर स्वामी खोरं घेऊन बसलेले. सेवेची पाटी जमिनीवर ठेवायची रीत नाही. रागावलेला माणूस डोक्यावर ओझं घेऊन फार वेळ रागावू शकत नाही, पण त्याने जमेल तितका वेळ रेटलं.

अप्पांनी त्याला सांगितलं की ती माती रानात नेऊन टाक, पीक चांगलं येईल. आणि इथली आज्याची एक पाटी भरून ने, तीही टाक. हुग्गी आहेच. आजपासून ती माती उतरवणाऱ्याला मिळेल.

बिराजदार पाय आपटत निघून गेला. हुग्गीसाठी थांबला नाही.

अशा बातमीला गावात पाय लागत नाहीत, ती उडतच जाते. थोड्याच वेळात मठाच्या अंगणात माणसं जमली. कुणी पुढे येईना, कुणी परत जाईना. अप्पांना म्हातारचळ लागला, असं एकजण हळूच म्हणाला, तेवढंच.

त्या माणसांतून वाट काढत गौराक्का पुढे आली. दोन वर्षांमागे गेलेल्या सांबप्पाची बायको, रेवणची आई. उपासाने तोंड सुकलेलं. तिने वर अप्पांकडे पाहिलं, खाली पडलेल्या ढिगाकडे पाहिलं आणि मग मुलाकडे. तिला सगळं कळलं असावं, कारण तिने पदर घट्ट ओढून घेतला.

"पावसात गळंल, अप्पा," ती म्हणाली.

"गळंल," अप्पा म्हणाले.

रेवणने घाईघाईने सांगितलं की गळणार नाही. वीतभर माती ठेवायची, तिच्याखाली जाड ताडपत्री अंथरायची, खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरप्या लाकडाचा आधार द्यायचा. सगळं पुस्तिकेत आहे. अगदी आकृती काढून दिलेली आहे.

गौराक्काने मान डोलावली. सगळं गाव डोलवायचं तशीच.

"त्येंच्या हातची माती हाय घरावर," ती अप्पांना म्हणाली, मुलाला नाही. "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी चढले होते. ती बी उतरवली तर त्येंचं काय ऱ्हायलं घरात?"

अंगणातल्या कित्येकांनी आपापल्या घराकडे पाहिलं. बाकीच्यांच्याही छपरावर कुणाची ना कुणाची माती होतीच.

अप्पा माळवदाच्या कडेला येऊन बसले. पाय खाली सोडले. पायांना पांढरी माती लागली होती.

"सांग आईला," ते रेवणला म्हणाले.

रेवणने घसा साफ केला. "आई, तज्ज्ञांच्या मते मातीचा थर जितका जाड, तितका..."

मातीचं एक ढेकूळ येऊन त्याच्या पायाशी फुटलं.

"तज्ज्ञ तुज्या घरात निजतेत का?"

...

"तुजं सांग."

रेवणने आईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. वर्गात, केंद्रात, तहसीलदारांपुढे तो न अडखळता बोलायचा. इथे त्याला पहिला शब्द सापडेना.  शेवटी तो बोलला तेव्हा शेजारच्या माणसाला कान द्यावा लागला.

"मी अंगणात बाज टाकून निजतो ना, आई... ते उकडतं म्हणून नाही."

गौराक्का बघत राहिली. महिनाभर तो बाहेर झोपत होता. उन्हाळ्याचा उकाडा सोसत नाही म्हणायचा. ती आत, माळवदाखाली, कारण तिला उघड्यावर झोप लागत नसे. रात्री उठून ती त्याच्या अंगावर चादर घालून यायची आणि पुन्हा आत जायची.

"आवाज यायला लागले तसा मी बाहेर आलो. मला भीती वाटते. आणि तू आत असतेस. मी जागाच असतो, आई. तू आत असतेस आणि मी बाहेर जागा असतो." त्याने अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं. मग एकदम बोलला. "मला तुला मातीखालून काढायचं नाही."

...

आईने रडावं, पोराला जवळ घ्यावं, असं जमलेल्या बायांना वाटलं असणार. गौराक्का रडली नाही. ती संतापली. 

"साऱ्या गावाला सांगत फिरलास," ती म्हणाली. "चित्रं लावलास, सायबाला बोलावलास. आन् मला उकडतंय म्हणून सांगितलास? सकाळी पाटी डोक्यावर देत होते तवा तरी कामून बोलला न्हाईस? मी काय चित्र बगून समजून घ्यायचं व्हतं?"

 उत्तराची तिने वाट पाहिली नाही. ती वळली आणि माणसांतून चालू लागली. लोकांनी वाट दिली. रेवण तिथेच उभा राहिला, इस्त्रीच्या सदऱ्यावर ढेकळाचा डाग घेऊन. आपण आयुष्यात काय काय घालवलं याचा हिशेब चेहऱ्यावर असावा, तसा दिसत होता तो.

दारापाशी गौराक्का थांबली.

"शिडी घिऊन ये," ती म्हणाली. मागे वळून पाहिलं नाही. "पैली पाटी थोरल्यानंच टाकायची असती. उतरवायची बी त्येनंच."

रेवणने मठाची शिडी उचलली. मग त्याच्या लक्षात आलं की अप्पा अजून वर आहेत. त्याने शिडी परत लावली. अंगणात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. अप्पा एकेक पायरी उतरत खाली आले, आणि शिडी गेली.

दुपारची एसटी आली आणि गेली. जिल्ह्याच्या कार्यशाळेत एका छोट्या गावाच्या तयारीबद्दल कुणी बोललं नाही. रेवणचा फोन वाजत राहिला. तो सदऱ्याबरोबर खुंटीला होता.

गौराक्का दिवसभर अंगणात उभी होती. वरून आलेली पहिली पाटी तिने रानात जाऊ दिली नाही. ती तुळशीच्या कट्ट्यात ओतली, हाताने सारखी केली, त्यावर पाणी शिंपडलं. सांबप्पाच्या हातची माती तीच, असं तिने ठरवून टाकलं. तीच कशावरून, असं विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. बाकीची माती बैलगाडीत पडत गेली. मधूनच ती वर ओरडून सांगत होती की कडेकडेने नको, सगळीकडून सारखी काढ, तुझ्याच पुस्तकात लिहिलंय ना. पुस्तिका तिने महिन्यापूर्वीच वाचली होती. कुणी तिला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी शिडी मठात परत आली नाही. बिराजदारची बायको ती घेऊन गेली होती. बिराजदार अजून रागातच होता, म्हणून ती स्वतःच चढली, असं म्हणतात.

दिवेलागणीच्या आधी रेवण मठात आला. या वेळी चपला पायरीखाली नीट काढून ठेवल्या. ओट्यावर अप्पा बसले होते. सकाळी सांडलेली चिंच कुणीतरी गोळा करून सुपात ठेवली होती, तिच्यातली माती निवडायचं काम चाललं होतं. खोरं चालवून त्यांचे तळहात सोलले होते, त्यांवर तूप लावलेलं होतं.

"शरणु शरणार्थी, अप्पा."

अप्पांनी मान वर केली.

"सकाळची विभूती राहिली," रेवण म्हणाला, आणि गुडघ्यावर बसला. अंग दुखत होतं, बसताना त्याने जमिनीचा आधार घेतला. डोकं पुढे केलं.

अप्पांनी वाटी ओढली. अंगठा विभूतीत बुडवला. अंगठा रेवणच्या कपाळापाशी आला आणि तिथेच राहिला.

कपाळ पांढरं होतं. भुवया पांढऱ्या होत्या. पापण्या, कान, मान, दंड, छाती, सगळं मातीने पांढरं झालं होतं. घामाच्या रेघा तेवढ्या काळ्या उरल्या होत्या, त्याही वाळत आल्या होत्या.

अप्पांनी अंगठा कपाळाकडून कानाकडे नेला, कानाकडून गळ्याकडे, आणि परत आणला.

...

"आता कुटं लावू?"